खऱ्या माणसावर लिहिताना परवानगी कुणाची, कशासाठी आणि कधी घ्यायची

गावातल्या माणसावर पुस्तक, लेख किंवा एकांकिका लिहिणारे बहुतेक जण एकच वाक्य ढालीसारखं पुढे धरतात: ‘घरच्यांना विचारलंय.’ घरच्यांना म्हणजे कुणाला? खळ्यात खुर्ची टाकून चहा देणाऱ्या धाकट्या भावाला, की डोंबिवलीत राहणाऱ्या थोरल्या मुलीला? आणि विचारलं ते कशासाठी? वडिलांची पत्रं छापायला, पेटीतले फोटो वापरायला, की वरच्या वाडीतल्या माणसाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते लिहायला? या तिन्हींचे धनी वेगळे असतात. तिसऱ्या गोष्टीची परवानगी तर त्या घराला देताच येत नाही.

उदाहरणासाठी एक काल्पनिक माणूस घेऊ. सिंधुदुर्गातल्या एका बंदरावरचा रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा) तांडेल, म्हणजे मच्छीमारांचा म्होरक्या, आता हयात नाही. त्याने मच्छीमार सोसायटी उभी केली, मारामारीच्या एका खटल्यात अडकला आणि सुटला, मुंबईला होता तेव्हा भावाला पत्रं लिहायचा. भाऊ हयात आहे. सोसायटीत ज्याच्याशी त्याचं बिनसलं, तो माणूसही हयात आहे.

टप्पा १: आधी माणसांची वही घाला

लिहायला बसण्याआधी एका वहीत पाच रकाने आखा: नाव, हयात की मृत, वाचकाला तो ओळखू कसा येईल, त्याच्याबद्दल आपण काय म्हणणार, आणि त्याला पुरावा काय. चरित्रनायक या यादीतला फक्त पहिला माणूस. त्याची पहिली बायको, सोसायटीचा चेअरमन, पोलीस पाटील, खटल्यातला साक्षीदार, सगळे यात येतात. भांडण बहुधा चरित्रनायकाच्या घरातून येतच नाही, ते पान ८७ वर दोन ओळींत येऊन गेलेल्या माणसाकडून येतं.

संस्थाही लिहा. बदनामी फक्त माणसाचीच होते असं नाही. कंपनी, संस्था किंवा माणसांचा समूह यांच्याविषयीचा मजकूरही कायद्याच्या कक्षेत येतो. म्हणजे मच्छीमार सोसायटी किंवा देवस्थान समिती यांचीही वहीत नोंद हवी. मानपानाच्या वादाबद्दल एका बाजूचं ऐकून लिहिणार असाल, तर दोन्ही बाजूंची हवी.

‘नाव बदललं की सुटलो’ हा समज मुंबईत एक वेळ चालेल, चाळीस घरांच्या वाडीत नाही. ‘तिठ्यावरचा दुकानदार’ म्हटलं की तो कोण हे पाच वर्षांचं पोर सांगेल. कायदा नावापेक्षा ओळख पटते का हे पाहतो. ओळख खरोखर लपवायची असेल तर धंदा, नातं, ठिकाण आणि साल यांतल्या किमान दोन-तीन गोष्टी बदला, आणि त्या बदलल्या आहेत हे प्रस्तावनेत सांगा. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ छापल्याने ओळखीचा माणूस अनोळखी होत नाही.

सावध: कच्चा मजकूर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कसं वाटतंय’ म्हणून टाकू नका. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्याशिवाय तिसऱ्या माणसापर्यंत मजकूर पोचला की कायद्याच्या दृष्टीने तो प्रसिद्ध झाला. ओळख पटते का हे तपासायचं असेल तर आरोपाचा भाग काढून नुसतं वर्णन एखाद्याला वाचून दाखवा.

टप्पा २: हयात आणि मृत वेगळे करा

हयात माणसाच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या: अब्रू आणि खासगीपणा. खासगीपणाच्या बाबतीत मजकूर खरा असला म्हणून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या आर. राजगोपाल निकालात सांगितलं की लग्न, कुटुंब, संतती, शिक्षण अशा खासगी गोष्टींवर त्या माणसाच्या संमतीशिवाय लिहिता येत नाही, मग ते खरं असो वा खोटं, स्तुती असो वा टीका. ‘मी तर चांगलंच लिहिलंय’ हा बचाव इथेच गळतो. त्याच निकालात वाटाही दिल्या आहेत: न्यायालयाच्या नोंदींसह सार्वजनिक नोंदींवर आधारलेला मजकूर, आणि सार्वजनिक पदावरच्या माणसाचं त्या पदावरचं काम. पुढे २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

मृत माणसाचं चित्र थोडं मोकळं आहे. खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, तो वारसांना मिळत नाही, अशी भूमिका मद्रास आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी २०२१ मध्ये घेतली. महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर हे निकाल बंधनकारक नाहीत, पण तिथे आधार म्हणून मांडता येतात. (रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची उच्च न्यायालयातली प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, रायगड मुंबईकडेच आहे.)

पण फौजदारी बदनामीला मृत्यूने पूर्णविराम मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार, मृत माणूस हयात असता तर ज्याने त्याची अब्रू गेली असती आणि ज्यात कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू आहे, असा मजकूरही बदनामी ठरू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा.

तपासा: आपल्या तांडेलाच्या दोन लग्नांबद्दल लिहिताना तो मृत आहे, पण दुसरी बायको? ती हयात असेल तर ते प्रकरण तिच्या खासगीपणाचं आहे. मृताच्या आयुष्यातली सगळ्यात वाचनीय पानं बहुधा कुणा हयात माणसाची असतात.

टप्पा ३: पेटीतले कागद: धनी कोण?

आयुष्याच्या घटनांवर कुणाचाही कॉपीराइट नसतो. तांडेल १९६१ च्या वादळात बुडता बुडता वाचला, हे कुणीही लिहू शकतं. ते त्याने पत्रात ज्या शब्दांत लिहिलं, त्या शब्दांवर मात्र हक्क असतो. सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करा.

पत्रं. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, शब्द लिहिणाऱ्याचे. भावाच्या माळ्यावरची पत्रं भावाने आनंदाने दिली, तरी छापण्याचा हक्क तांडेलाच्या वारसांकडे आहे. आणि वारस म्हणजे घर सांभाळणारा मुलगा एकटा नव्हे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई असे सगळे. लग्न होऊन गेलेल्या मुलींनी जमिनीचं हक्कसोडपत्र केलेलं असतं, म्हणून त्यांना विचारायची गरज नाही असं समजू नका. ते हक्कसोडपत्र जमिनीचं आहे, पत्रांच्या शब्दांवरचा हक्क त्यात आपोआप जात नाही. वारसांची नावं काढायला तलाठ्याकडचा वारस फेरफार ही चांगली सुरुवात, फक्त तिथेच थांबू नका. एका वारसाची सही म्हणजे सगळ्यांची सही धरता येत नाही.

मुदत. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं, मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ च्या सुरुवातीपासून मोकळं आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे नोव्हेंबर १९६२ मध्ये गेले, त्यांचं १ जानेवारी २०२३ पासून. चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे त्यांची कविता प्रकरणाच्या माथ्यावर छापायला ३१ डिसेंबर २०३६ पर्यंत परवानगी लागेल. मात्र मृत्यूनंतर पहिल्यांदाच प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाची ६० वर्षं प्रसिद्धीच्या वर्षानंतर सुरू होतात. त्यामुळे पेटीतली अप्रकाशित रोजनिशी शंभर वर्षं जुनी असली तरी ‘मोकळी’ समजू नका.

फोटो. फोटोचा लेखक तो काढणारा. पण स्टुडिओला पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला धनी, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा. म्हणजे लग्नाच्या अल्बमसाठी बहुधा कुटुंबाची परवानगी पुरते, आणि बंदरावर कुणा हौशी छायाचित्रकाराने काढलेल्या फोटोसाठी त्या छायाचित्रकाराची लागते. तांडेल त्यात दिसतो म्हणून तो फोटो त्याच्या घराचा होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोची मुदतही काढणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं.

वर्तमानपत्राचं कात्रण. बातमीतली माहिती घ्या, स्वतःच्या शब्दांत लिहा, तारीख द्या. कात्रणाचा फोटो काढून पान भरायचं असेल तर वर्तमानपत्राला लिहून परवानगी मागा.

प्रयोगाची रेकॉर्डिंगं. चरित्रनायक दशावतार किंवा नमन या कोकणातल्या लोकनाट्यांतला कलाकार असेल तर कलाकाराचा हक्क प्रयोगानंतर ५० वर्षं चालतो आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा हक्क त्याहून वेगळा असतो. जत्रेत मोबाइलवर टिपलेला तुकडा माहिती म्हणून ऐका, थेट वापरू नका.

राजपत्र आणि न्यायालयाचे निकाल छापता येतात, न्यायालयाने मनाई केली नसेल तर. सार्वजनिक ग्रंथालयातल्या किंवा अभिलेखागारातल्या अप्रकाशित कागदाचा लेखक माहीत असेल, तर तो जाऊन ६० वर्षं झाल्याशिवाय सवलत मिळत नाही.

सावध: ‘दोन ओळी चालतात’, ‘दहा टक्के चालतात’ असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. टीका-समीक्षेसाठी रास्त उतारा घेता येतो. चरित्रात वातावरण उभं करायला घेतलेला पानभर उतारा त्यात बसेलच असं नाही.

टप्पा ४: संमती मागणं

परवानगी लिहायच्या आधी घ्यायची. पुस्तक छापून झाल्यावर घेतलेली सही दबावाखाली दिल्याचं सांगणं सोपं असतं, आणि नकार आला तर तुमचे सहा महिने पाण्यात.

वारस चार शहरांत विखुरलेले असतील तर गणपतीचे दिवस गाठा. सगळे एका छपराखाली तेव्हाच असतात. फक्त पहिल्या दिवशी नको आणि विसर्जनाच्या गडबडीतही नको. वाटणीच्या गोष्टी त्याच दिवसांत निघतात, तेव्हा पत्रांचा विषय त्या भांडणात ओढला जाणार नाही असा दिवस निवडा. प्रत्येकाची वेगळी सही घ्या.

मुलाखतीच्या सुरुवातीला रेकॉर्डरवर तारीख, गाव, दोघांची नावं आणि उद्देश बोलून घ्या. मग साध्या कागदावर एवढं पुरतं:

‘मी, ……, रा. ……, दि. …… रोजी …… यांना दिलेली मुलाखत त्यांनी पुस्तक, लेख व इंटरनेटवर वापरावी यास माझी संमती आहे. माझं नाव द्यावं / देऊ नये. पुढील भाग वापरू नये: …… मजकुराची मांडणी व निष्कर्ष लेखकाचे राहतील.’

पत्रं आणि फोटो यांच्यासाठी वेगळा कागद. त्यात प्रत्येक वस्तूचं वर्णन हवं (‘भावास पत्र, दि. ……, दोन पानं’), मोघम ‘सर्व कागदपत्रे’ नको. मुलाखत मालवणीत झाली आणि तुम्ही प्रमाण मराठीत उतरवली, तर उतरवलेलं वाचून दाखवा. ‘झगाडलो’ आणि ‘मारलं’ यांत फौजदारी खटल्याइतकं अंतर आहे.

सावध: ‘तुम्ही हो म्हटल्याशिवाय छापणार नाही’ असं बोलून बसू नका. मोठेपणा म्हणून दिलेला हा शब्द पुढे संपूर्ण पुस्तकावरचा नकाराधिकार होतो. त्याऐवजी म्हणा, ‘तुमच्याबद्दलचा मजकूर तपशील तपासायला वाचून दाखवीन.’ आणि ज्याला परवानगी लागतच नाही, उदाहरणार्थ उघड निकालातली नोंद, तिची परवानगी मागू नका.

ज्याच्यावर आरोप येणार आहे त्याची संमती मागायची नसते, त्याची बाजू मागायची असते. नेमके प्रश्न लिहून स्पीड पोस्टने पाठवा, १५ दिवस द्या, पावती जपा. उत्तर आलं तर त्याचा सारांश छापा, नाही आलं तर तसं लिहा.

टप्पा ५: पुरावा आणि क्रियापद

फौजदारी बदनामीत खरेपणाचा बचाव तेव्हाच चालतो, जेव्हा ते छापणं लोकहिताचंही असतं. दिवाणी दाव्यात खरेपणा पुरतो. दोन्हीकडे ते सिद्ध करायचं ओझं लिहिणाऱ्यावर. म्हणून वहीच्या पाचव्या रकान्यात ‘सगळ्या बंदराला माहीत आहे’ असं असेल तर तो रकाना रिकामाच समजा. ‘असं म्हणतात’ जोडल्यानेही सुटका नाही, ऐकीव बदनामी पुढे सांगणं हीसुद्धा बदनामीच. उपरोधाने किंवा ‘हा तरी असेल नाहीतर तो’ अशा पर्यायी भाषेत केलेला आरोपही कायद्यात मोजला जातो.

खटल्याबद्दल लिहायचं तर न्यायालयात अर्ज करून निकालाची नक्कल घ्या आणि मग शब्द निवडा. गुन्हा नोंदला म्हणजे आरोप झाला. दोषारोपपत्र म्हणजे पोलिसांना पुरावा दिसला. शिक्षा झाली तरच ‘दोषी’. आपला तांडेल सुटला, तर ‘मारामारी केली आणि सुटला’ असं लिहायचं नाही. ‘मारामारीचा गुन्हा नोंदला गेला, अमुक साली न्यायालयाने निर्दोष सोडलं’ असं लिहा. अपील झालं का, त्याचं काय झालं, तेही शोधा. खालच्या न्यायालयात शिक्षा आणि वरच्या न्यायालयात सुटका झालेल्या माणसाला चरित्रात कायमचं दोषी ठेवणं ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक.

सोसायटीतल्या भांडणात वार्षिक सभेचं इतिवृत्त आणि लेखापरीक्षण अहवाल पाहा. ‘पैसे खाल्ले’ याऐवजी अहवालात जे आहे तेच आकड्यासह लिहा: इतक्या रकमेचा हिशेब मिळाला नाही, असा शेरा.

जातिवाचक टोपणनावं विशेष जपा. जुन्या पत्रात ती सर्रास असतात. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जातीवरून जाणूनबुजून हिणवणारा मजकूर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतो. त्या समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी अनादरही त्यात आहे.

टप्पा ६: जे कुणाच्याही होकाराने सहज सुटत नाही

लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख छापता येत नाही (न्याय संहिता, कलम ७२). ती व्यक्ती हयात नसली तरीही नाही, आणि त्या वेळी नातेवाइकांनी तोंडी होकार दिला म्हणूनही नाही. बालकाच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं (बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) कलम २३ नाव, फोटो, कुटुंब, शाळा यांबरोबर शेजारही धरतं. म्हणजे वाडीचं नाव दिलंत तरी ओळख दिलीत. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या अल्पवयीन मुलालाही बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ चं असंच संरक्षण आहे.

हिंदू विवाह कायद्याखालच्या घटस्फोटाच्या किंवा तशा प्रकरणांचं कामकाज छापायला कलम २२ ची मनाई आहे. नातेवाइकाने फाइल हातात दिली म्हणून ती उघडी होत नाही. एचआयव्हीबद्दलची माहिती आणि मानसिक उपचारांचा तपशील यांना २०१७ च्या दोन वेगळ्या कायद्यांनी गोपनीयता दिली आहे.

टप्पा ७: छपाईआधीचं वाचन आणि करार

पूर्ण हस्तलिखित वकिलाला देण्याऐवजी वही आणि खुणा केलेली पानं द्या. वकिलाचा वेळ वाचतो आणि तुमची फीही. वहीत हयात माणूस, वाईट मजकूर आणि कमकुवत पुरावा असे तिन्ही एकत्र आले, तर ती पानं लाल.

प्रकाशकाच्या करारात बहुधा एक कलम असतं: मजकुरावरून काही दावा झाला तर सगळा खर्च लेखकाचा. ते तसंच सही करू नका. निदान तुम्ही न सांगता प्रकाशकाने बदललेला मजकूर, मुखपृष्ठ आणि जाहिरात यांची जबाबदारी त्यातून काढून घ्या. मलपृष्ठावरची ‘सोसायटीतल्या घोटाळ्याचा पर्दाफाश’ ही ओळ बहुतेक वेळा लेखकाने लिहिलेलीच नसते.

चित्रपटवाले ‘चरित्राचे हक्क’ विकत मागतात तेव्हा ते प्रत्यक्षात माहिती, सहकार्य आणि दावा न करण्याचं वचन विकत घेत असतात. कॉपीराइट लिहून देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. मुदत नेमकी लिहा, आणि ‘कायमचे’ हा शब्द दिसला की थांबा. पैशाचा करार असेल तर मुद्रांक लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० च्या जागी किमान ५०० रुपयांचा, रक्कम मोठी असेल तर जास्त.

टप्पा ८: नोटीस आली तर

फेसबुकवर उत्तर देऊ नका. ऑनलाइन मजकूर रागात उडवू नका, आधी तारखेसह प्रत काढून ठेवा. नोटिशीतलं प्रत्येक वाक्य वहीतल्या रकान्याशी ताडून पाहा, मग वकिलाकडे जा. चूक निघाली तर दुरुस्ती लवकर आणि तेवढ्याच ठळकपणे छापा. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ छापाची माफी काही दुरुस्त करत नाही, वर कबुलीसारखी वाचली जाते.

दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष, फौजदारी तक्रारीची तीन वर्षं. तोपर्यंत रेकॉर्डिंगं, सह्यांचे कागद, स्पीड पोस्टच्या पावत्या आणि वही जपायची. पावसाळ्यात माळ्यावर ठेवाल तर वाळवी आणि बुरशी आधी पोचेल. स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक गावाबाहेर.